कपाटातलं कुप्य



दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणी झाली, आता कुठं निवांत बसून लिहायला वेळ मिळाला. यंदा माझ्याकडून एक उपवास आणि बाकीचे दिवस एकाशन, एवढंच जमलं. पण या दहा दिवसांत घरातलं एक काम झालं, जे सहा वर्षं अडून राहिलं होतं. आजचा लेख त्याबद्दल आहे. थोडा शिवणाचा, थोडा धर्माचा आणि थोडा माझ्या चुकीचा.

ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे त्यांना वेगळं सांगायला नको की कापड घरात येतं ते जाण्यासाठी नाही. माझं माहेर इचलकरंजीचं. मागांच्या खडखडाटात आम्हाला शांत झोप लागायची आणि वीज जाऊन माग थांबले की जाग यायची. कटपीस किलोवर मिळायचे. आई त्यातून अभ्रे, पिशव्या, आमचे परकर शिवायची, उरलेल्या चिंध्या वाकळीत जायच्या. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा माझ्यासोबत पायमशीन आणि कापडाची एक ट्रंक आली. आज पंचवीस वर्षांनी त्या एका ट्रंकेच्या तीन झाल्या होत्या. शिवाय कपाटाचे दोन कप्पे, दिवाणाचा आतला सगळा भाग आणि माळ्यावर चादरीत बांधलेले चार गठ्ठे.

त्यात काय नव्हतं? हळदीकुंकवाला, ओटीत, वास्तुशांतीला मिळालेले ब्लाऊजपीस. त्यातले निम्मे अंगावर घालण्यासारखे नसतात हे देणारीलाही माहीत असतं आणि घेणारीलाही, तरी ते घरोघर फिरत राहतात. पाणी गाळायला म्हणून घेतलेलं मांजरपाट. भाचीच्या फ्रॉकसाठी घेतलेलं कापड, भाची आता नोकरीला लागली. टूबाय टूचे रंगीत तुकडे, अस्तर, फॉलची बंडलं. बिस्किटांच्या पाच डब्यांत रिळं, हुक, चेन, लेस, इलॅस्टिक, बटणं. आणि तरीही परवा सासूबाईंच्या परकराला नाडी घालायची होती तर नाडी सापडेना, म्हणून दुकानातून नवी आणली. घरी आल्यावर डब्यात चार नाड्या सापडल्या.

आमचे हे नेहमी म्हणतात, "एक दुकान काढ." मी म्हणायची, "तुमची रद्दी आधी काढा." विषय तिथंच संपायचा.

पर्वाच्या दहा दिवसांत मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचं वाचन आणि विवेचन होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय होता, व्रतांचा. मी दरवर्षी ऐकते. खरं सांगायचं तर एकाशनाची वेळ जवळ आलेली असते, अर्धं लक्ष घड्याळाकडं असतं. यंदा पंडितजी परिग्रह परिमाण व्रताच्या अतिचारांवर आले. श्रावकानं स्वतः घालून घेतलेली मर्यादा कशाकशात ओलांडली जाते त्याची यादी आहे. शेत आणि घर, चांदी आणि सोनं, धन आणि धान्य, दास आणि दासी, आणि शेवटी कुप्य. मी आजवर कुप्य म्हणजे भांडीकुंडी असं धरून चालले होते. पंडितजींनी सांगितलं की पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत कुप्य शब्दाचा अर्थ देताना जवसाच्या धाग्याचं, कापसाचं आणि रेशमाचं कापड, चंदन वगैरे असं म्हटलं आहे.

माझं घड्याळावरचं लक्ष उडालं. शेत नाही, सोनं जेमतेम, दासदासी नाहीत, म्हणून परिग्रहाच्या प्रवचनात मी नेहमी निवांत बसायची. आणि यादीत माझं दिवाणाचं पोट चक्क लिहून ठेवलेलं होतं!

त्यातही एक गोष्ट मनाला लागली. अतिचार म्हणजे घातलेल्या मर्यादेचं उल्लंघन. मी मर्यादाच कधी घातली नव्हती, मग ओलांडणार काय? किती कापड आहे हेही ठाऊक नव्हतं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की आज सगळं बाहेर काढते. त्या म्हणाल्या, "पर्वात झाडझूड नको. नुसतं मोज. मोजल्यावर निम्मं शहाणपण येतं." त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं होतं.

मग मापाची टेप आणि वही घेऊन बसले. माळ्यावरचे गठ्ठे सोडून, फक्त ट्रंका, कपाट आणि दिवाण. ब्लाऊजपीस 61. बाकीचं सलग कापड 118 मीटर. आर्यिका माताजींची साडी सोळा हातांची, म्हणजे साधारण सव्वासात मीटर. अंगावर एक आणि धुऊन वाळत घातलेली एक, एवढ्यावर त्या विहार करतात. मी भागाकार केला. माझ्या दिवाणात आणि ट्रंकांत सोळा साड्यांचं कापड होतं, म्हणजे आठ माताजींचं. माझ्या स्वतःच्या नेसायच्या साड्या यात धरलेल्याच नाहीत.

आता कामाचं सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी हीच कथा असणार.

यापूर्वी मी दोनदा आवरायला बसले होते. दोन्ही वेळा एकेक तुकडा हातात घेऊन 'हे काढू का ठेवू' असं करत गेले आणि सगळं ठेवलं. प्रत्येक तुकड्याची बाजू मांडणारा वकील आपल्या मनात बसलेला असतो. यंदा उलट केलं. आधी मर्यादा ठरवली, कापडाला नंतर हात लावला. कपाटाचा एक कप्पा, शिवणसामानाला दोन डबे. सकाळी अभिषेकानंतर मंदिरात भगवंतासमोर वर्षभराचा नियम घेतला. मग घरी आल्यावर प्रश्नच बदलला. 'काय टाकू' हा प्रश्न उरला नाही, 'या कप्प्यात बसायला कोण लायक आहे' एवढाच राहिला. याचं उत्तर पटापट मिळतं.

प्रत्येक तुकडा मोजून त्यावर टाचणीनं चिठ्ठी लावली. किती मीटर, किती पन्हा, आणि त्याचं काय होऊ शकतं. ऐंशी सेंटिमीटर असेल तर ब्लाऊज, दोन मीटर असेल तर परकर, अर्धा मीटर असेल तर अभ्रा. ज्याच्यापुढं काही लिहिता आलं नाही ते बाजूला. शिवायला नक्की बसेन असे दहा तुकडे ठेवले.

रिळांचा दोरा हातात धरून झटका द्यायचा. तुटला तर कुजला, मग तो कितीही सुंदर रंगाचा असो. इलॅस्टिक ताणून सोडायचं, परत आलं नाही तर गेलं. गंजलेल्या सुया, टाचण्या, मशीनच्या मोडक्या सुया एका झाकणाच्या डबीत घालून, डबी चिकटपट्टीनं बंद करून, वर लिहून मग कचऱ्यात द्यायच्या. कचरा वेचणारीच्या बोटाचा विचार हीसुद्धा अहिंसाच आहे.

आठवा दिवस उत्तम त्यागाचा. मला वाटलं, वा, कसा मुहूर्त साधला! ब्लाऊजपीसची पिशवी भरली आणि आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींपुढं ठेवली. त्यांनी दोन-तीन उलगडून बघितले आणि शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, हे मी कुठं घालू? माझ्याकडंबी असलेच पडलेत." मला इतकी लाज वाटली! मला नको ते दुसऱ्याच्या घरात सरकवायचं आणि त्याला त्याग म्हणायचं. ओटीत फिरणारे ब्लाऊजपीस तरी दुसरं काय करत असतात? दान घेणाऱ्याच्या उपयोगाचं असावं लागतं, आणि त्यागात आपल्या मनातून काहीतरी सुटावं लागतं. माझ्या त्या पिशवीत दोन्ही नव्हतं.

मग विचार करून एकेकाची वाट लावली. 'वाट लावली' म्हणजे खरोखरची, बरं का. ब्लाऊजपीस शिवणक्लासला दिले, तिथं मुलींना कटोरी आणि बाही कापायला कापड लागतंच, चुकलं तरी कुणाचं जात नाही. मांजरपाट मात्र घरीच शिवलं. छत्तीस अंगुळ लांब, चोवीस अंगुळ रुंद, घट्ट विणीचं दुहेरी गाळणं. चारी कडा दुमडून टीप मारली. तीस झाली. अलीकडं नळाला जाळी लावली की पाणी गाळलं असं आपण समजतो. जाळीत अडकलेल्या जीवांची जीवाणी परत पाण्यात कशी सोडणार? शेजारच्या नव्या सुनांना गाळणं देताना हे सांगितलं, तर दोघींनी विचारलं की आणखी दोन मिळतील का. लाल साटीनचा मोठा तुकडा होता, त्याची मंदिरातल्या शास्त्रांना वेष्टनं झाली. मऊ मलमलीच्या लंगोट्या आणि दुपटी. सुती चिंध्या वाकळ शिवणाऱ्या मावशींना, टेरिकॉटच्या चिंध्या आमच्याच घरच्या पायपुसण्यात.

इथपर्यंत लेख संपवता आला असता. पण माळ्यावरचे चार गठ्ठे राहिले होते, आणि खरी गोष्ट तिथं आहे.

ते गठ्ठे 2019 च्या पुरातले. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढत गेलं, आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. आमचं घर गावभागात. पाणी दारात आलं तेव्हा खालचं सामान वर न्यायची एकच धावपळ. मी आधी काय नेलं असेल? कापड. चादरी अंथरल्या, हाताला येईल ते त्यात लोटलं, गाठी मारल्या आणि चार खेपा केल्या. सासूबाईंनी शास्त्रांची पिशवी स्वतः उचलली आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. मी गठ्ठे घेऊन त्यांच्या बाजूनं पुढं गेले. हे मला आत्ता लिहितानाही बोचतं. पूर ओसरला, घर धुतलं, पण गठ्ठे माळ्यावर गेले ते गेलेच.

नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, ह्यांनी ते खाली काढून दिले. पहिल्या दोन गठ्ठ्यांत पडदे, जुन्या साड्या, मुलांचे गणवेश. तिसरा सोडला आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला, त्याबरोबर बारीक पिवळट भुसा सांडला. कसर लागली होती. आणि त्या भुश्याखाली घडी घातलेली एक इरकल साडी. काळपट निळं अंग, लाल रेशमी पदर.

ती साडी माझी नव्हती. आमच्या मोठ्या जाऊबाईंची, अक्कांची होती. म्हणजे त्यांच्या आईची. त्या वर्षी अक्कांची लेक पहिल्यांदा बाळंतपणाला आली होती. अक्कांनी ती साडी माझ्याकडं आणून दिली आणि म्हणाल्या, "धुऊन धुऊन मऊ झालीय. बाळाला दुपटं आणि कुंची कर. पणजीची माया लागू दे." मी आषाढात करते म्हटलं, मग श्रावणात करते म्हटलं, मग पूर आला.

दिवाळीत सगळे जमले असताना अक्कांनी विचारलं, "आईची साडी तुझ्याकडं होती ना गं? नाही झालं शिवून तर राहू दे, साडी तेवढी दे." मी एक ट्रंक दहा मिनिटं उचकली. सापडली नाही. आणि बाहेर येऊन चार माणसांत सांगितलं, "अक्का, ती मी तुम्हाला आषाढातच परत दिली. तुमच्याकडं पुरात गेली असेल."

मैत्रिणींनो, मी त्या वेळी खोटं बोलले का? मला आठवत नव्हतं, हे खरं. पण आठवत नाही असं मी म्हटलं नाही. परत दिली असं म्हटलं, कारण घरातल्या ढिगात मला काही सापडत नाही हे कबूल करायची लाज वाटली. अक्का माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असेल." एवढंच. भांडण नाही, अबोला नाही. पण त्यानंतर सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडं साधा फॉल लावायलाही साडी दिली नाही. बारशाला बाळाची कुंची दुकानातली होती.

दरवर्षी क्षमावाणीला मी अक्कांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत होते. कळत नकळत काही चुकलं असेल तर, असंही म्हणत होते. ते वाक्य किती सोयीचं आहे बघा! त्यात सगळं येतं आणि काहीच सांगावं लागत नाही.

साडी उलगडली. सुती अंग चांगलं होतं, रेशमी पदराची चाळण झाली होती. कसरीवर ना औषध मारता येत होतं ना कडक उन्हात टाकता येत होतं. गच्चीवर सावलीत नेलं, कुंड्यांच्या कोपऱ्यात मऊ कुंचल्यानं हळूहळू झटकलं, घडी न् घडी. तास गेला. तरी किती जीव दुखावले असतील ते केवलीच जाणे. आपण साठवतो तेव्हा कापडच साठवतो असं वाटतं, पण न हलवलेल्या वस्तूत जीव पडतातच. आणि त्या गोळ्या मीच तर घातल्या होत्या! सूत्रकारांनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंचं नाव घेतलं नाही, मूर्च्छा हा शब्द घातला. ममत्व असा अर्थ सांगतात. मला त्या दिवशी साधा अर्थ कळला, बेशुद्धी. पुरात सासूबाईंना मागं ठेवून गठ्ठे उचलणारी आणि दिवाळीत ठासून बोलणारी मी शुद्धीवर नव्हतेच.

अनंत चतुर्दशीचा उपवास झाला. क्षमावाणीला मंदिरात सगळे एकमेकांना भेटत होते, पण मी अक्कांना तिथं गाठलं नाही. दुपारी साडी घेऊन त्यांच्या घरी गेले. ह्यांनी विचारलं, "फोनवर सांगितलंस तर नाही का चालणार?" चाललं असतं, म्हणूनच गेले.

साडी त्यांच्यापुढं ठेवली आणि सांगितलं, "अक्का, ही माझ्याच माळ्यावर होती. मी परत दिली नव्हती. चार माणसांत तुम्हाला खोटं पाडलं. आणि पदराला कसर लागलीय, तीही माझ्यामुळं."

अक्कांनी साडी मांडीवर घेतली. पदरावरून बोटं फिरवली, भोकं मोजल्यासारखी. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी ह्या घरातलं प्रत्येक कपाट तीनतीनदा बघितलं. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. आईची एवढी एकच वस्तू, ती मी सांभाळली नाही असं वाटायचं."

हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मला वाटत होतं त्या माझ्यावर रागावल्या आहेत. त्या सहा वर्षं स्वतःवर रागावल्या होत्या.

मी रडले, त्या रडल्या नाहीत. चहा केला. "क्षमा" वगैरे शब्द त्या बोलल्या नाहीत आणि मलाही मागवेना. निघताना साडी परत माझ्या हातात दिली. "पोरगं आता शाळेत जातंय, त्याला कुंची कशाला? पदर काढून टाक, बाकीचं दुहेरी करून माझ्यापुरतं दुपटं कर. थंडीच्या आत दे." मग चपला घालत होते तर म्हणाल्या, "तारीख सांग."

मी तारीख सांगितली. कप्प्यातल्या दहा तुकड्यांना चिठ्ठ्या आहेत, तशी या साडीलाही लावली. त्यावर माप नाही, अक्कांचं नाव आणि तारीख लिहिलीय. पदर मी काढला, पण टाकला नाही. चाळणीतून जो वीतभर धड तुकडा निघाला तो दुपट्याच्या एका कोपऱ्यात आतून बसवलाय. अक्कांना अजून सांगितलेलं नाही, हाताला लागेल तेव्हा कळेल.

तुमच्याही ट्रंकेत कुणाचं तरी 'करून देते' म्हणून घेतलेलं कापड असेल. आवरायला घ्याल तेव्हा सुरुवात तिथून करा. आपलं कापड नंतरही मोजता येतं.

नियम एक वर्षाचा आहे. कप्प्यात सध्या चार बोटं जागा शिल्लक आहे. काल इचलकरंजीहून भावाचा फोन आला होता, "ताई, केंब्रिक छान आलंय, पाठवू का पाच मीटर?" तोंडात आलेलं "पाठव" मी गिळलं. "दुपटं झालं की सांगते," म्हटलं.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.